प्रवाळभित्तीतील मत्स्यांचा अभ्यास आणि डॉ. यूजीनी क्लार्क

प्राथमिक शाळेत शिकविल्या जाणाऱ्या परिसर अभ्यास या विषयाचा पाया निरीक्षण हा होय. तथापि नुसते पाहणे आणि निरीक्षण करणे यांत मोठे अंतर आहे. ओढ्याच्या काठी उभे राहून पाण्यातील मासे सर्वच मुले पाहतात; परंतु ते मासे प्रवाहाकडे तोंड करून राहतात की पाठ करून, कोणत्या वेळी वर येतात, खडा पडताच कोठे दडतात, हे ध्यानात घेऊन वहीत टिपून ठेवणारे मूल विरळा. पहिल्या प्रकारच्या पाहण्यातून करमणूक होते. दुसऱ्या प्रकारच्या पाहण्यातून विज्ञान जन्मास येते.

प्रस्तुत लेखात अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. यूजीनी क्लार्क (1922–2015) यांच्या कार्याचा परिचय करून दिला आहे. त्यामागे दोन हेतू आहेत. प्रवाळभित्तीतील मत्स्यांचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ प्रत्यक्षात काय करतो, हे शिक्षकांना नीट समजावे, हा पहिला हेतू. बालवयातील कुतूहलास वेळीच आधार मिळाला आणि पुढे लोकांनी दारे बंद केली तरी ते कुतूहल जिवंत राहिले, तर त्यातून केवढे कार्य उभे राहू शकते, हे दाखविणे हा दुसरा हेतू होय.

प्रवाळभित्ती म्हणजे काय

प्रवाळ म्हणजेच पोवळे. त्यास पुष्कळ लोक दगड समजतात. वस्तुतः ते प्राण्याचे घर आहे. उथळ, उबदार व स्वच्छ समुद्रात पॉलिप नावाचे अगदी लहान प्राणी लाखोंच्या संख्येने एकत्र राहतात व आपल्या मऊ शरीराखाली चुनखडीचा सांगाडा रचतात. जुने पॉलिप मरतात, त्यांच्या सांगाड्यांवर नवे वाढतात, आणि हजारो वर्षांत त्यांची एक प्रचंड भिंत तयार होते. हीच प्रवाळभित्ती. पॉलिपांच्या शरीरात एकपेशीय शैवल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा पॉलिपांस मिळतो. म्हणूनच जेथे प्रकाश पोचतो तेथेच अशा भित्ती वाढतात. पाणी दीर्घकाळ प्रमाणाबाहेर तापले, तर हे शैवल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते व पुष्कळदा मरते.

समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी भागावर या भित्ती आहेत. परंतु समुद्रातील ज्ञात जीवजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती त्यांच्या आश्रयाने राहतात. माशांच्याच चार हजारांहून अधिक जाती तेथे आढळतात. भारतात लक्षद्वीप, अंदमान व निकोबार बेटे, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात येथे प्रवाळभित्ती आहेत. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणच्या किनाऱ्यालगतही प्रवाळ आढळते.

इतक्या दाटीच्या वस्तीत प्रत्येक माशास अन्न, निवारा व बचाव यांची स्वतंत्र सोय करावी लागते. कोणी कपारीत राहतो, कोणी वाळूत बीळ करतो, कोणी रंग बदलतो, कोणी अंगात विष बाळगतो. या सोयी कोणत्या व त्या कशा चालतात, हे शोधणे हे मत्स्यशास्त्रज्ञाचे काम आहे. त्याचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. मासे गोळा करणे, त्यांची मापे घेणे, खवले व परांतील काटे मोजणे, संग्रहालयातील नमुन्यांशी ताडून पाहणे आणि जात नवी असल्यास तिचे वर्णन करून तिला शास्त्रीय नाव देणे, हा पहिला भाग. माशाच्या शरीराची रचना व तिचे व्यापार समजून घेणे, हा दुसरा. जिवंत मासा आपल्या घरी कसा वागतो हे पाण्यात उतरून पाहणे, हा तिसरा. डॉ. क्लार्क यांनी हे तिन्ही भाग हाताळले. परंतु तिसऱ्या भागावर त्यांचे विशेष प्रेम होते.

मत्स्यालयातील शनिवार

यूजीनी क्लार्क यांचा जन्म 4 मे 1922 रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील अमेरिकन व आई जपानी वंशाची होती. मुलगी अगदी लहान असतानाच वडील वारले आणि संसाराचा भार आईवर पडला. आई वृत्तपत्रविक्रीच्या एका गाळ्यावर काम करीत असे. शनिवारी मुलीला शाळा नसे व आईला सुट्टी नसे. तेव्हा नऊ वर्षांच्या मुलीस ती जवळच बॅटरी पार्क येथे असलेल्या सार्वजनिक मत्स्यालयात सोडी आणि दुपारी घेऊन जाई.

मुलीचा वेळ जावा, एवढ्याचसाठी केलेली ही सोय होती. मुलगी मात्र काचेला नाक लावून तासन् तास उभी राहू लागली. कोणता मासा कोठे विश्रांती घेतो, कोणता कोणाच्या मागे लागतो, हे ती पाहू लागली व आजूबाजूच्या प्रेक्षकांना समजावूनही सांगू लागली. पुढे नाताळात आईने तिला घरी ठेवण्यासाठी काचेची टाकी व मासे घेऊन दिले. घरच्या माशांची ती नोंदवही ठेवी. मासे पाळणाऱ्यांच्या एका स्थानिक मंडळाची ती सर्वांत लहान सभासद झाली. शाळेत निबंधाचा विषय कोणताही असो, त्यात मासे आणण्याची संधी ती सोडीत नसे.

त्या काळी विल्यम बीब या शास्त्रज्ञाचे नाव गाजत होते. पोलादी गोलकात बसून 1934 साली त्यांनी बर्म्युडाजवळ समुद्रात 900 मीटरांहून अधिक खोल प्रवेश केला होता. आपणही तसेच करावे, असे या मुलीने बोलून दाखविले. तेव्हा टंकलेखन शिकून घे, म्हणजे कदाचित अशा एखाद्या शास्त्रज्ञाची चिटणीस होता येईल, असा सल्ला घरच्यांनी दिला. सल्ला प्रेमाचाच होता; पण शास्त्रज्ञाच्या शोधांची टिपणे उतरून घेणे आणि स्वतः शोध लावणे यांतील भेद त्या मुलीस तेव्हाच कळला होता.

शिक्षण व अडथळे

हंटर कॉलेजातून 1942 साली त्यांनी प्राणिशास्त्राची पदवी घेतली. पुढील शिक्षणासाठी त्यांनी एका नामांकित विद्यापीठाकडे अर्ज केला असता, मुली लग्न करून मुलाबाळांत गुंततात व त्यांच्यावर घेतलेले श्रम वाया जातात, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. त्यावर वाद न घालता त्यांनी एका कारखान्यात रसायनज्ञाची नोकरी धरली. दिवसा नोकरी व सायंकाळी न्यूयॉर्क विद्यापीठातील वर्ग, असा क्रम ठेवून 1946 साली त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळविली.

या पदवीच्या काळात त्यांनी केंड मासा व त्याचे भाईबंद यांच्या शरीररचनेचा अभ्यास केला. केंड मासा डिवचला असता चेंडूसारखा फुगतो, हे किनाऱ्यावरील मुलांनाही ठाऊक असते. परंतु तो कसा फुगतो? माशाच्या जठरास जोडलेली एक पिशवी असते. मासा भराभर पाणी गिळून ती भरतो आणि स्नायूंचे वेढे आवळून ते पाणी आत रोखून धरतो. पाण्याबाहेर काढल्यास तो हवा गिळतो. सर्वांच्या पाहण्यातील गोष्टीमागचा ‘कसा’ शोधणे, ही त्यांची रीत येथेच दिसून येते.

दुसरा अडथळा 1947 साली आला. फिलिपीन्समधील मत्स्यपाहणीच्या सरकारी कामावर त्यांची निवड झाली व त्या निघाल्याही. परंतु नुकत्याच संपलेल्या महायुद्धामुळे जपानी वंशाच्या व्यक्तींविषयी अमेरिकेत संशयाचे वातावरण होते. त्यांना होनोलुलू येथे थांबविण्यात आले आणि ते काम त्यांच्या हातून गेले. थांबावे लागले ते बेट प्रवाळाने वेढलेले होते. त्यांनी तेथील विद्यापीठाच्या आश्रयाने केंड माशांचा अभ्यास पुढे चालू ठेवला.

1950 साली न्यूयॉर्क विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. ही पदवी दिली. प्रबंधाचा विषय प्लॅटी व स्वोर्डटेल या लहान माशांचे प्रजननवर्तन हा होता. आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदांत व डबक्यांत सोडला जाणारा गप्पी मासा याच कुळातील आहे.

पलाऊची बेटे व तांबडा समुद्र

1949 साली अमेरिकन नौदलाच्या संशोधन कार्यालयाच्या साहाय्याने डॉ. क्लार्क पॅसिफिक महासागरातील मायक्रोनेशियाच्या बेटांवर गेल्या. विषारी माशांचे नमुने गोळा करणे हे त्यांचे काम होते. पलाऊ येथे सिआकाँग नावाचा एक निष्णात कोळी त्यांना भेटला. श्वास रोखून प्रवाळात बुडी मारणे, भाल्याने मासा टिपणे, कोणत्या कपारीत कोणता मासा दडतो हे ओळखणे, या गोष्टी त्या त्याच्याकडून शिकल्या. विद्यापीठातील ग्रंथांत नसलेले ज्ञान कोळ्यापाशी असते, हे त्यांनी जाणले आणि आयुष्यभर या जाणिवेस त्या जागल्या.

1951 साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी असलेल्या घर्दका येथील सागरी जीवशास्त्र केंद्रात गेल्या. एका बाजूस वाळवंट व दुसऱ्या बाजूस प्रवाळाने भरलेला समुद्र, असे ते ठिकाण होते. तेथे त्यांनी माशांच्या सुमारे 300 जाती गोळा केल्या. त्यांपैकी तीन शास्त्रास सर्वस्वी नव्या होत्या. प्रत्येक नमुना स्वच्छ करून, मोजून, द्रवात बुडवून, चिठ्ठी लावून ठेवावा लागे. चिठ्ठीवर स्थळ, तारीख व खोली नसेल, तर नमुन्याची शास्त्रीय किंमत बहुतेक नाहीशी होते. या शास्त्रात पराक्रमाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व अशा कारकुनी वाटणाऱ्या शिस्तीस आहे.

पॅसिफिक व तांबडा समुद्र येथील अनुभवांवर त्यांनी लिहिलेले ‘लेडी विथ अ स्पिअर’, म्हणजे ‘भालेवाली स्त्री’, हे पुस्तक 1953 साली प्रसिद्ध झाले व ते फार लोकप्रिय ठरले.

फ्लोरिडातील प्रयोगशाळा

हे पुस्तक वाचून फ्लोरिडा राज्यातील व्हँडरबिल्ट कुटुंबाने त्यांना सागरी प्रयोगशाळा काढण्याचे निमंत्रण दिले. जानेवारी 1955 मध्ये एका लहानशा लाकडी इमारतीत ‘केप हेझ सागरी प्रयोगशाळा’ सुरू झाली. हीच संस्था 1967 पासून ‘मोट सागरी प्रयोगशाळा’ या नावाने ओळखली जाते. त्या वेळी डॉ. क्लार्क यांना लहान मुले होती. पुढे त्यांना एकंदर चार अपत्ये झाली. मुलांचे संगोपन व संशोधन ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी केली. विद्यापीठाने पूर्वी वर्तविलेले भाकीत अशा रीतीने खोटे ठरले.

या प्रयोगशाळेतील दोन संशोधने विशेष उल्लेखनीय आहेत. मुशी, म्हणजे शार्क मासे, केवळ भुकेने चालणारे मंदबुद्धी प्राणी होत, अशी तेव्हा समजूत होती. डॉ. क्लार्क यांनी लेमन शार्क जातीच्या मुशींसमोर पाण्यात एक पांढरी फळी ठेवली. मुशीने फळीस तोंडाने ढकलले की घंटा वाजे व तिला खाद्य मिळे. मुशी हे लवकरच शिकल्या. हिवाळ्यात पाणी थंड झाल्यामुळे सुमारे दहा आठवडे त्यांनी अन्नच घेतले नाही व प्रयोग बंद राहिला. पण पुन्हा सुरू करताच शिकलेली गोष्ट त्यांच्या स्मरणात असल्याचे दिसून आले. या प्रयोगाचा वृत्तांत 1959 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

दुसरे संशोधन किनाऱ्यालगतच्या खडकांत राहणाऱ्या, बोटभर लांबीच्या सेरॅनस नावाच्या माशासंबंधी होते. या माशांची पोटे अंड्यांनी भरलेली दिसत; नर मात्र सापडत नसे. पाण्याखाली बसून अनेक दिवस निरीक्षण केल्यावर उलगडा झाला. या जातीत प्रत्येक मासा नर व मादी दोन्ही असतो. जोडीतील एक मासा अंडी सोडतो व दुसरा नराचे काम करतो; आणि काही क्षणांतच दोघे आपापली भूमिका व अंगावरील रंगाची ठेवणही बदलतात. मेलेले मासे कापून हे कळले नसते. जिवंत माशाजवळ धीर धरून बसल्यानेच ते कळले.

मोशेचा लेपा

डॉ. क्लार्क यांच्या कार्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण तांबड्या समुद्रातील एका चपट्या माशाचे आहे. कोकणात लेपा म्हणून ओळखला जाणारा मासा ज्या प्रकारचा, त्याच प्रकारचा हा मासा असून तो प्रवाळालगतच्या वाळूत अंग पुरून पडून राहतो. मोशेने समुद्र दुभंगला तेव्हा मध्येच सापडलेल्या एका माशाचे दोन चपटे अर्ध झाले, अशी दंतकथा असल्यामुळे यास मोशेचा लेपा म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लासेपेद यांनी 1802 सालीच त्याचे वर्णन करून त्यास शास्त्रीय नाव दिले होते. म्हणजे नाव दीड शतकापूर्वीच मिळाले होते. गुण मात्र अज्ञातच राहिला होता.

1960 साली हा मासा जाळ्यातून काढताना त्याच्या परांच्या मुळाशी दुधासारखा पांढरा द्रव पाझरत असल्याचे डॉ. क्लार्क यांना दिसले. तो बोटांना लागताच बोटे चुणचुणू लागली व त्वचा आवळल्यासारखी झाली. दुसऱ्या कोणी हात धुऊन ही गोष्ट सोडून दिली असती. त्यांनी ती मनात ठेवली आणि 1970 नंतरच्या दशकात अकाबाच्या आखाताच्या काठी असलेल्या एलात येथील प्रयोगशाळेत तिचा पाठपुरावा केला. माशाच्या पाठीवरील व पोटाकडील परांच्या मुळाशी ओळीने लहान लहान ग्रंथी असून त्यांतून विषारी स्राव बाहेर पडतो, असे आढळून आले.

मग प्रश्न असा पडला की, मोठ्या शत्रूपासून हा स्राव माशाचे रक्षण करतो काय? टाकीतील मुशीपुढे हा मासा सोडण्यात आला. मुशीने जबडा उघडून झडप घातली. पण जबडा मिटेना. ती डोके झटकीत दूर गेली आणि माशास इजा झाली नाही. यानंतर हाच प्रयोग खुल्या समुद्रात करण्यात आला. एका लांब दोरीस निरनिराळे मासे व त्यांच्यामध्ये मोशेचे लेपे बांधून ती रात्री पाण्यात सोडली. मुशींनी इतर मासे खाल्ले, लेपे तसेच राहिले. मग त्याच लेप्यांची त्वचा मद्यार्काने पुसून स्राव काढून टाकला व ते पुन्हा पाण्यात सोडले. तेव्हा मुशींनी तेही खाऊन टाकले. संरक्षण आकारात वा रंगात नसून स्रावातच आहे, हे या एका बदलाने सिद्ध झाले. इतर सर्व गोष्टी तशाच ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, या प्रयोगपद्धतीचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

या स्रावापासून मुशींना दूर ठेवणारे औषध तयार होईल, अशी आशा पुष्कळांना वाटली. परंतु स्राव साठवून ठेवणे कठीण, व विशाल समुद्रात तो पुरेशा प्रमाणात टिकणे त्याहून कठीण. त्यामुळे ते औषध नित्याच्या वापरात आले नाही. म्हणून शोधाचे मोल कमी होत नाही. एक सजीव आपले रक्षण कसे करतो हे निश्चित कळले, हेच त्याचे फळ होय.

वाळूतील वाम व गुहेतील मुशी

1968 साली डॉ. क्लार्क मेरीलँड विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवू लागल्या व 1992 साली तेथून निवृत्त झाल्या. या काळात तांबड्या समुद्राकडे त्यांच्या फेऱ्या चालूच होत्या. तेथील वाळूच्या उतारावर बागेतील रोपांप्रमाणे शेकडो वाम मासे ओळीने उभे असतात. शेपूट बिळात रोवलेली व तोंड प्रवाहाकडे, अशा स्थितीत ते वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपतात. माणूस जवळ येताच सर्व ‘बाग’ वाळूत नाहीशी होते. म्हणून निरीक्षकास स्वतःचे अस्तित्व लपवून बराच काळ वाट पाहावी लागते. वाळूवर तरंगणारा आणि भीती वाटताच वाळूत सूर मारणारा एक बारीक मासा त्यांना याच समुद्रात आढळला. तो शास्त्रास नवा असल्याने 1966 साली आपल्या धाकट्या मुलाच्या नावावरून त्यांनी त्यास ‘ट्रायकोनोटस निकीआय’ असे नाव दिले.

मुशीने पोहणे थांबविले तर कल्ल्यांतून पाणी वाहत नाही व ती गुदमरते, असे फार दिवस मानले जात असे. मेक्सिकोतील इस्ला मुहेरेस या बेटाजवळच्या पाण्याखालील गुहांत मुशी निश्चल पडून असतात, हे एका स्थानिक पाणबुड्याने पाहिले होते. डॉ. क्लार्क यांनी हे सांगणे थट्टेवारी नेले नाही. त्या विद्यार्थ्यांसह तेथे गेल्या, गुहांत उतरल्या, आणि मुशी तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांतून सोडीत स्वस्थ पडलेल्या त्यांनी पाहिल्या. गुहांत तळातून गोडे पाणी झिरपत असल्यामुळे तेथील पाण्याची क्षारता कमी असल्याचेही मोजमापात आढळले. त्यामुळे मुशींच्या अंगावरील परजीवी सैल पडत असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. सिद्ध झालेली गोष्ट कोणती व तर्क कोणता, हे वेगळे ठेवण्याची दक्षता येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

जेथे अभ्यास केला, ते स्थळ टिकावे म्हणूनही त्या झटल्या. सिनाई द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकावरील रास मुहम्मद येथील प्रवाळ सुरक्षित राहावे, असा आग्रह धरणाऱ्यांत त्या होत्या. 1983 साली इजिप्तने तेथे आपले पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित केले. मात्र राष्ट्रीय उद्यानाची सीमा पाण्याची उष्णता अडवू शकत नाही. 2023 साली सुरू झालेल्या जागतिक प्रवाळविरंजनाचा फटका अनेक महासागरांतील भित्तींना बसला. एखाद्या माशाचा गुण कळण्यापूर्वीच त्याचे घर नष्ट होऊ शकते, ही आजची वस्तुस्थिती आहे.

निवृत्तीनंतरही त्यांचे काम थांबले नाही. पश्चिम पॅसिफिकच्या प्रवाळभित्तीत बिळे खोदून राहणाऱ्या पट्टेदार माशांचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांची पिले दिवसभर बाहेर चरून सायंकाळी बिळात परततात, तर मोठे मासे सहसा बाहेर पडत नाहीत. 2014 साली, वयाच्या 92 व्या वर्षी, त्या सॉलोमन बेटांच्या मोहिमेवर गेल्या व पाण्यात उतरल्या. 25 फेब्रुवारी 2015 रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले. 2018 साली नव्याने वर्णन झालेल्या एका मुशीस ‘स्क्वालस क्लार्की’ हे नाव देऊन शास्त्रज्ञांनी त्यांचे स्मरण राखले.

शिक्षकांनी यातून काय घ्यावे

या चरित्रात शाळेने अंगीकारण्याजोग्या पुष्कळ गोष्टी आहेत. त्यांस समुद्राची वा खर्चिक साधनांची आवश्यकता नाही.

1. प्राथमिक आरोग्य केंद्राकडून गप्पी मासे मिळवून काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत चारसहा मासे ठेवावेत. पाणवनस्पती घालावी व बरणी थेट उन्हात ठेवू नये. डासांच्या अळ्या मोजून सोडाव्यात व किती वेळात किती उरल्या, ते मुलांकडून लिहून घ्यावे. हा मासा अंडी न घालता पिले देतो; ती मुलांच्या दृष्टीस पडतील. गप्पी मासे ओढ्यात वा नदीत मात्र सोडू नयेत. तेथील मूळच्या लहान माशांना त्यांचा उपद्रव होतो.

2. नोंदवहीत तारीख, वेळ व स्थळ लिहिल्यावाचून कोणतीही नोंद पूर्ण समजू नये. पाहिले ते एका बाजूस व वाटले ते दुसऱ्या बाजूस, अशी दोन सदरे आखून द्यावीत.

3. मुलाने प्रश्न विचारताच उत्तर सांगून टाकण्याची घाई करू नये. ‘हे कसे पाहता येईल?’ असा प्रतिप्रश्न करावा. उत्तर शिक्षकास ठाऊक नसल्यास कमीपणा मानू नये. दोघांनी मिळून शोधावे.

4. गावातील कोळी, भोई, गुराखी, शेतकरी यांच्या ज्ञानास शाळेत मान द्यावा. स्थानिक माशांची बोलीतील नावे व सवयी त्यांच्याकडून मुलांनी विचारून आणाव्यात, आणि मग स्वतः पडताळून पाहाव्यात.

5. मुलींच्या कुतूहलाकडे विशेष लक्ष पुरवावे. पाण्यापाशी, शेतात वा प्रयोगाच्या वेळी मुलांनी हात घालावा व मुलींनी फक्त लिहून घ्यावे, अशी विभागणी नकळत होत असते. चिटणीस होण्याचा जो सल्ला यूजीनीस मिळाला, तोच सल्ला आपण या विभागणीने वर्गातील मुलींना रोज देत असतो. ती मोडणे पूर्णपणे शिक्षकाच्या हाती आहे.

न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात शनिवारी येणारी मुले अनेक होती. त्यांपैकी एक रेंगाळली, तिला कोणी हाकलले नाही व आईने तिला टाकी आणून दिली; एवढ्यावर पुढील सर्व कार्य उभे राहिले. आपल्या शाळेतही बरणीपुढे रेंगाळणारे एखादे मूल असतेच. घंटा झाली तरी ते उठत नाही, म्हणून त्यास रागे भरण्यापूर्वी ते काय पाहत आहे, एवढे शिक्षकाने अवश्य विचारावे.